सापाचं तोंड कुणाकडे

माणसाला म्हातारं म्हटलेलं चालतं, जाडं म्हटलेलंसुद्धा एखाद वेळ खपून जातं, पण 'विनावापर' म्हटलेलं चालत नाही. जयंती परबला तर मुळीच चालत नाही.

वास्तविक तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. मुलुंड पूर्वेच्या दत्तप्रसाद सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरी हर्षदभाईंनी एवढंच लावलं होतं की, मागच्या बाजूची कोबा केलेली जागा विनावापर पडून असल्याने तिथे दोन गाड्यांचं पार्किंग करण्याचा विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. पण त्याच कोब्यावर रोज संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून ज्या बायका बसतात, त्यातली पहिली खुर्ची जयंतीची. मग विनावापर कोण, हे सांगायला वकील लागत नाही.

तिने नोटीस दोनदा वाचली, पदराने चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. शब्द तिथेच होता.

आता कुणी म्हणेल, संध्याकाळी बसायला घर नाही का? आहे. एक खोली, एक हॉल, एक किचन. त्यात नवरा राजाराम बँकेतून निवृत्त होऊन मोबाईलमध्ये रुजू झालेला. मुलगा सौरभ घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर कानात बोंडं घालून कुणाला तरी "शुअर, शुअर" म्हणतो. तो कॉलवर असताना मिक्सर लावायचा नाही. कुकरच्या शिट्टीलासुद्धा त्या घरात वेळ ठरवून दिलेली. जयंतीच्या पायाला जन्मतः भिंगरी. दिवसभर ती भिंगरी किचनच्या तीन लाद्यांवर फिरवायची आणि संध्याकाळी एकदाची कोब्यावर मोकळी सोडायची, असा तिचा हिशेब. कोब्यावरून बोलून, भांडून, हसून आली की रात्रीचा स्वयंपाक धड होतो, नाहीतर भाकरीसुद्धा रागावल्यासारखी फुगते. कोबा गेला असता तर जयंती घरात राहिली असती, आणि हे कुणालाच परवडणारं नव्हतं. राजारामला तर नाहीच.

"अहो, वाचलंत का?" तिने घरी येऊन विचारलं.

"फॉरवर्ड कर," राजाराम म्हणाला.

त्यावरून घरातून काही मदत व्हायची नाही हे कळलं. ती थेट सोसायटीच्या ऑफिसात गेली. हर्षदभाई माणूस वाईट नाही. दिवाळीला घरोघर फरसाण पाठवतो, गच्चीची गळती स्वतः उभं राहून काढून घेतो. फक्त त्याने दुसरी गाडी घेतली होती, आणि दुसरी गाडी घेतलेल्या माणसाला जगात सगळीकडे मोकळी जागा दिसायला लागते.

"विनावापर कसं हो? आम्ही रोज बसतो. महिनाभर तर सापशिडी खेळतोय."

ही गोष्ट खरी होती. संक्रांतीच्या सुमाराला जयंतीने माळा साफ केला, त्यात सौरभच्या लहानपणीची पुठ्ठ्याची सापशिडी निघाली. कचऱ्यात टाकायला म्हणून खाली नेली आणि वाटेत कोबा लागला. तिथे बसलेली शकुताई म्हणाली, टाकतेस कशाला, एक डाव टाकू. तो एक डाव अजून चालला होता. या खेळाचं असं आहे, की बुद्धिबळात हरलं तर अक्कल निघते, पत्त्यात हरलं तर ती भागीदार काढतो. सापशिडीत हरलं तर फक्त साप. कुणाचा अपमान होत नाही आणि राग प्रत्येकाला येतो, त्यामुळे उद्या परत यावंच लागतं. ज्या बायकांनी घरात वाटण्या झाल्या तेव्हा शब्द काढला नव्हता, त्या नव्वदीतल्या सापाने गिळल्यावर फासा नीट पडला नव्हता म्हणून हुज्जत घालत.

हर्षदभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"जयंतीबेन, चार बायका एका पुठ्ठ्यावर खेळते, त्याला कायद्यात वापर नाय म्हणत."

"मग केवढ्यावर खेळलं की म्हणतात?"

हा प्रश्न तिने नुसता खोचकपणाने विचारला होता. पण काही प्रश्न तोंडातून बाहेर पडले की विचारणाऱ्याच्याच मागे लागतात. जिना चढेपर्यंत तिला उत्तर सापडलं होतं. अख्ख्या कोब्यावर. शंभर घरांची, ऑइलपेंटने रंगवलेली सापशिडी. सोंगट्या नाहीत, माणसंच उभी राहणार. मग बघू कोण विनावापर म्हणतो ते.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. हर्षदभाईंना वाटलं, ही बाई रंगवते कसली. त्यांनी उदार मनाने मंजुरी दिली आणि वर एक अट घातली. ज्यांच्या ज्यांच्या खिडकीतून कोबा दिसतो, त्यांची ना-हरकत आणायची. अट ऐकायला साधी होती. मुंबईत माणूस शेजाऱ्याच्या लग्नाला हरकत घेत नाही, पण आपल्या खिडकीतून काय दिसावं यावर त्याचं ठाम मत असतं. तरी त्या फेरीत सगळ्यांनी सह्या दिल्या, कारण कागदावर साप नव्हते. साप नंतर आले.

रंगवायला जयंतीने मामेभाऊ लवूला बोलावलं. लवू गणपतीच्या कारखान्यात कामाला. त्याची ख्याती डोळ्यांच्या आखणीची. मूर्ती कुणीही घडवावी, डोळे लवूनेच काढावेत. माघी गणपती होऊन गेले होते, हात रिकामा होता. तो डबे, ब्रश आणि सुतळीचा गुंडा घेऊन आला, कोब्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "गो जयू, कसले साप होये?"

"साप रे. सापशिडीत असतात तसले."

इथे तिने चूक केली. 'साप' या शब्दात किती प्रकार बसतात हे नीट सांगायला हवं होतं. लवूने चार दिवस मान वर केली नाही. पाचव्या दिवशी कोबा बघायला सोसायटी गोळा झाली आणि सगळ्यांनी आपोआप चपला काढल्या.

सात साप होते आणि सातही नाग होते. सोनेरी अंगाचे, खवल्या-खवल्याला पिवळी कड, पसरलेले फणे, फण्यावर गंध. आणि डोळे तर असे शांत, असे दयाळू, की बघणाऱ्याला आपली सगळी पापं आठवावीत. शंभराव्या घराखालचा सगळ्यात मोठा नाग तर आशीर्वाद द्यायला फक्त हात नाहीत म्हणून थांबला होता.

"झकास," सौरभ वरून खिडकीतून म्हणाला. त्या घरातून त्या महिन्यात आलेला हा पहिला अभिप्राय.

पण खेळणार कसं? सापावर पाय द्यायचा, मग शेपटीवर उतरायचं. शकुताईचा फासा पडला, सापाचं घर आलं, आणि ती त्या घराच्या कडेला एका पायावर उभी राहिली.

"पाय ठेव ना गं," जयंती म्हणाली.

"तूच ठेव की आधी. खेळ तुझा."

जयंतीनेही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या नागापुढे कुणीतरी वाटीभर दूध ठेवलं. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू पडलं, लाह्या पडल्या. दुधावर मांजरं आली, मांजरांवर कुत्री आली. हर्षदभाईंनी नोटीस बोर्डावर लावलं की सोसायटीच्या आवारात परवानगीशिवाय देवस्थान उभारू नये. जयंतीला आयुष्यात पहिल्यांदा देवस्थान उभारल्याबद्दल समज मिळाली, तीही शुद्धलेखनाच्या तीन चुकांसकट.

"लवू, फणे काढ. आणि डोळे पुस," तिने फर्मावलं.

"फणो काढतंय. डोळे पुसूचंय नाय." लवूने ब्रश खाली ठेवला. "एकदा डोळे उघडले की तेंका पुसूचे नसतत. बाप सांगान गेलो माझो."

"अरे, साप आहेत ते."

"डोळे मियां काढलंय गो. साप नंतर."

अर्धा तास वाद झाला. शेवटी तोड निघाली ती अशी, की डोळे पुसायचे नाहीत, झाकायचे. लवूने सातही सापांना काळे गॉगल घातले. फणे गेले, गंध गेलं, आणि आशीर्वाद देणारा मोठा नाग एका दुपारीत वरातीत नाचायला निघालेल्या नवऱ्याच्या मित्रासारखा दिसायला लागला. त्याच्यावर पाय द्यायला कुणालाच काही वाटेना. उलट मजा वाटे.

तीन दिवस खेळ रंगला. बायका आल्या, बायकांना बोलवायला आलेले नवरे थांबले. राजारामसुद्धा एकदा खाली आला, एका शिडीने वर चढला आणि मोबाईल खिशात ठेवून पुढचा फासा मागू लागला. जयंतीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. अशा वेळी टाळ्या वाजवल्या तर पाखरू उडून जातं.

चौथ्या दिवशी अस्मिता आली. ए विंगच्या तळमजल्यावर राहते, आणि तिने नुकताच वास्तुशास्त्राचा ऑनलाइन कोर्स केला होता. कोर्स केलेल्या माणसाला पहिले काही महिने फार जपावं लागतं.

"जयंती, तुझ्या बेचाळीसवरच्या सापाचं तोंड कुणाकडे आहे बघितलंस?"

"कुणाकडे?"

"माझ्या बेडरूमकडे. आणि तेव्हापासून ह्यांचं प्रमोशन अडकलंय."

"साप रंगवून आठवडा झाला अस्मिता. प्रमोशन तीन वर्षं अडकलंय."

"तेव्हा कारण कळत नव्हतं," अस्मिता म्हणाली.

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण तिने ही माहिती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, दिशांचा नकाशा जोडून. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापल्या खिडकीतून खाली डोकावून कुठला साप आपल्याकडे बघतोय ते नक्की केलं. सी विंगमध्ये एकाचा फ्रीज बंद पडला होता, तो एकसष्टच्या सापामुळे. एकीची कामवाली गावाला गेली ती अजून परतली नव्हती, तिथे तर दोन साप होते. गॉगल घातल्यामुळे ते नेमके कुठे बघतात हे कळत नाही, अशी तक्रार एका आजोबांनी लेखी दिली. ज्यांनी ना-हरकत दिली होती ते सगळे ती परत मागू लागले. अट एकच. सापाचं तोंड फिरवा, आणि जमलं तर आमच्या बाजूला एखादी शिडी द्या.

फिरवायचं कुठे? कोब्याच्या चार बाजू. एकीकडे ए विंग, एकीकडे सी विंग, तिसरीकडे भिंतीत दत्ताचं छोटं देऊळ. देवाकडे तोंड करायचं तर पुन्हा दूध आणि मांजरं. उरली बी विंग. बी विंग म्हणजे म्हणायची पद्धत. ते बैठं बांधकाम. मीटरची खोली, सोसायटीचं ऑफिस आणि चेअरमन अंबादास साळव्यांचं घर.

साळवेसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दिशा, मुहूर्त, नजर यांपैकी कशावर त्यांचा विश्वास नाही, आणि हे ते दरवर्षी एका भाषणात सांगतात. लोकांना ते भाषण नेमकं आता आठवलं.

"साळवेसाहेब मानत नाहीत ना? मग त्यांच्याकडे असू दे," असं आधी एक जण म्हणाला, मग सगळेच म्हणाले. ज्याचा विश्वास नाही त्याला त्रास कसा होईल, असा एकूण युक्तिवाद. श्रद्धाळू माणसांनी इतका बिनतोड विचार केलेला जयंतीने पहिल्यांदाच पाहिला.

तिला ते बरं वाटलं नाही. शकुताई साळवेसाहेबांची बायको, आणि तिची खुर्ची जयंतीच्या शेजारची. शिवाय आणखी एक गोष्ट होती. पार्किंगच्या दोन जागांपैकी एक हर्षदभाईंची आणि दुसरी साळव्यांच्या विशालची. विशालने कर्ज काढून पहिली गाडी घेतली होती. ती रात्री बाहेर रस्त्यावर उभी असे आणि टोइंगवाले ती दोनदा उचलून घेऊन गेले होते. म्हणजे जयंतीला जो कोबा संध्याकाळसाठी हवा होता, तोच शकुताईच्या घराला गाडीसाठी हवा होता. दोघी रोज शेजारी बसून सगळ्या जगाबद्दल बोलायच्या आणि एवढं एक सोडून द्यायच्या.

जयंती संकोचत त्यांच्या दारात गेली. साळवेसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सातही?"

"सातही."

"मी मानत नाही, हे खरं आहे," ते म्हणाले. "म्हणून नको म्हणायचीही पंचाईत. नको म्हटलं तर उद्या म्हणतील, बघा, आतून मानतो."

"तुम्ही मानू नका हो, मी मानते," शकुताई आतून म्हणाली. "सगळ्यांचं नको ते नेहमी आपल्याच दाराशी का म्हणून?"

चहा आला, तो जयंतीने गरम असतानाच पिऊन टाकला.

"वहिनी, फिरवा तोंडं," साळवेसाहेब शेवटी म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. सभेत मी पार्किंगच्या बाजूने मत देणार. साप घेतले म्हणजे कोबा दिला असं समजू नका. पोराची गाडी रस्त्यावर आहे."

"ते तुमचं बरोबर आहे," जयंती म्हणाली. आणि वाईट हेच होतं, की ते खरंच बरोबर होतं.

लवू परत आला. तोंडं फिरवायची म्हणजे जुनी खरवडायची, म्हणजे डोळे आलेच. या वेळी त्याने स्वतःच मार्ग काढला. गॉगलवाल्या सातही सापांची रीतसर उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हणाला आणि मग बादलीभर टर्पेंटाइन ओतून घासायला बसला. खिडक्याखिडक्यांतून लोकांनी हात जोडले. जे चार दिवस त्यांच्या फ्रीजवर उठले होते, त्यांना निरोप देताना दोघीतिघींचे डोळे भरून आले. मग लवूने त्यांना गॉगलसकट पुन्हा बोलावून घेतलं, सगळ्यांची तोंडं बी विंगच्या कडेला, शेवटच्या पट्टीत. शिड्या ए आणि सी विंगच्या बाजूला वाटून दिल्या. सगळे खूश झाले. ना-हरकती परत आल्या. खेळाचं काय झालं याचा विचार कुणीच केला नाही, जयंतीनेसुद्धा नाही. ती घाईत होती. रविवारी सभा होती.

सभा नेहमी कोब्यावरच होते. हर्षदभाईंनी भिंतीकडे टेबल मांडलं, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर पेपरवेट. संध्याकाळी पाचची वेळ. पाच वाजता नेहमीप्रमाणे मोजकीच माणसं होती. मग नेहमीप्रमाणे साळवेसाहेब उठले आणि नियमाप्रमाणे म्हणाले, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा सुरू होईल." सोसायटीच्या सभेचा हा मंगलाष्टकांसारखा भाग आहे. तो झाल्याशिवाय कुणी घरातून निघतच नाही.

आता अर्धा तास काय करायचं? पायाखाली शंभर घरं होती.

"टाकायचा का एक डाव?" शकुताई म्हणाली. तिच्या घराचं मत ठरलेलं होतं, पण डाव वेगळा आणि मत वेगळं.

जयंतीने फासा आणला. जुन्या साड्या भरून तिने तो उशीएवढा शिवला होता. एका बाजूला जरीचा काठ गेल्यामुळे तो किंचित झुकायचा. माणसं येत गेली, पहिल्या घरापाशी रांग लावत गेली. अस्मिता आली, तिचे प्रमोशनवाले आले, राजाराम सौरभला हाताला धरून घेऊन आला. सौरभच्या कानात बोंडं होती, पण तो "शुअर" म्हणाला नाही. हर्षदभाई टेबलापाशी बसून घड्याळ बघत होते.

"हर्षदभाई, या ना. अर्धा तास आहे अजून."

"नको, नको. मी सेक्रेटरी."

"सेक्रेटरीला साप चावत नाही का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ते उठले.

साडेपाच वाजले तेव्हा गणपूर्ती झाली होती, पण ती शंभर घरांत विखुरलेली होती. साळवेसाहेब बेचाळीसवर होते, हर्षदभाई अडुसष्टवर.

"चला, सभा सुरू करू," साळवेसाहेब म्हणाले.

"मग या, खुर्चीवर या," कुणीतरी म्हणालं.

"मी घर सोडलं तर माझं घर कोण धरणार?" साळवेसाहेबांनी विचारलं.

"घर सोडलं की पहिल्यापासून," जयंती म्हणाली. हा नियम तिने त्याच क्षणी केला होता, पण तो इतका न्याय्य वाटला की कुणी विचारलं नाही.

"मग एवढा डाव होऊ दे," हर्षदभाई म्हणाले. "दहा मिन्टं."

दहा मिनिटांत काही होणं शक्य नव्हतं, हे हळूहळू कळायला लागलं. सापशिडीतले आकडे नांगरासारखे चालतात. एका ओळीत इकडून तिकडे, दुसरीत तिकडून इकडे. म्हणजे वर जायचं तर दर खेपेला बी विंगच्या कडेला जाऊन वळावंच लागतं. आणि नेमक्या त्या वळणावळणावर सोसायटीने आपले सातही साप नेऊन ठेवले होते. ए विंगकडून शिडीने भरकन वर जावं, बी विंगकडे वळावं आणि गडप व्हावं. माणसं चढत होती, उतरत होती. अस्मिता तीनदा खाली आली. प्रमोशनवाले एकदा एक्याण्णवपर्यंत पोचून सतरावर आले, आणि या वेळी कारण सगळ्यांना कळलं.

"हे कुणी केलं असं?" हर्षदभाई पन्नासच्या घरातून थेट बारावर येऊन म्हणाले.

"सगळ्यांनी मिळून," जयंती म्हणाली. "सह्या आहेत."

सहा वाजले, सात वाजले. कुणी घर सोडेना. पाणी जागच्या जागी फिरलं. कुणाच्या तरी मुलीने वाटीवाटीने कुरमुरे वाटले. हर्षदभाईंच्या बायकोने खिडकीतून विचारलं, पार्किंगचं काय ठरलं? ते म्हणाले, "डिस्टर्ब नको करू, माझा चान्स आहे." कोब्यावरचा दिवा लागला. जयंती दोनदा तिशीत जाऊन आली होती आणि सध्या चारवर होती. एवढ्या वेळात तिला एकदाही उठून काहीतरी करावंसं वाटलं नव्हतं. कुठलं तरी गॅसवरचं दूध, कुठले तरी दोरीवरचे कपडे आठवले नव्हते. ती नुसती उभी होती आणि पाळीची वाट बघत होती.

तेवढ्यात फाटकातून गाडीचे दिवे आत आले. विशाल रविवारच्या ड्युटीवरून आला होता. बाहेरच्या रस्त्याला जागा नसणार, म्हणून त्याने गाडी थेट कोब्यापर्यंत आणली. त्या उजेडात सगळी सोसायटी आपापल्या घरात उभी राहिलेली दिसली, दुकानात काचेमागे लावून ठेवल्यासारखी. विषय आपल्या पायाने चालून आला होता.

विशालने काच खाली केली. "पप्पा, झाली का मीटिंग? कुठे लावू?"

साळवेसाहेब एकोणनव्वदवर होते. वळणाच्या अगदी तोंडाशी. पुढे नव्वद आणि एक्याण्णव, दोन्हीकडे गॉगल. ती दोन घरं ओलांडली की मग देवळाच्या बाजूची सरळ ओळ आणि शंभर. फासा त्यांच्या हातात होता.

जयंतीला पुढचं दिसायला लागलं. आता चेअरमन घर सोडणार, टेबलाकडे जाणार, विषय वाचणार आणि हात वर करायला सांगणार. आणि ज्याची गाडी रस्त्यावर आहे त्याच्या समोर ती काय बोलणार होती?

"साळवेसाहेब," ती चारवरूनच म्हणाली, "आम्ही आठनंतर इथे नसतोच. विशालने रात्री लावावी इथे, सकाळी कामावर जाताना काढावी. सापांना रात्री काय काम आहे?"

पुन्हा बारावर आलेल्या हर्षदभाईंनी मान वर केली. "आणि माझी?"

"तुमची पहिली गाडी आहे ना पार्किंगमध्ये. दुसरी मोकळी जागा मिळेपर्यंत एकच चालवा."

कुणीतरी हसलं. हर्षदभाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या मागच्या घरातल्या बाईने त्यांना कुरमुऱ्यांची वाटी दिली, आणि ते बोलणं राहून गेलं.

"पप्पा, सांगा ना," विशालने हॉर्नवर हात ठेवला. "लावू की नको? किती वेळ उभा राहू?"

साळवेसाहेबांनी फासा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि मग पुढच्या दोन घरांकडे पाहिलं.

"वहिनी म्हणतात तसं. रात्री लाव," ते म्हणाले. "पण आत्ता नको. चेकनाक्यापर्यंत एक चक्कर मारून ये."

"पप्पा, सकाळपासून गाडीतच आहे मी."

"अरे बाबा, माझा डाव आहे."

विशालने गाडी मागे घेतली. साळवेसाहेबांनी डोळे मिटले, जे त्यांनी कुठल्याही देवापुढे कधी केलं नव्हतं, आणि फासा टाकला. तो जरीच्या काठावर झुकला, थांबेल न थांबेलसा झाला, आणि पडला. एक. नव्वद.

बी विंगकडे तोंड केलेला सगळ्यात मोठा साप काळ्या गॉगलातून साळव्यांच्या दाराकडे बघत होता.

"तरी मी म्हणत होते," तीसवरून शकुताई म्हणाली, "आपल्याकडे नको."

साळवेसाहेब चष्मा सावरत, सापाच्या अंगावरून एक-एक पाऊल टाकत खाली उतरले. शेपूट पाचवर होती. चारवर जयंती उभी होती. ती थोडी बाजूला सरकली, तिच्या घरात जेवढं सरकता येतं तेवढी.

"माझा विश्वास नाही," ते तिच्या शेजारी उभे राहत म्हणाले.

"मला माहितीय," जयंती म्हणाली. "फासा द्या इकडे. माझी पाळी."